संशोधकांचे प्रश्न : यादीत कोण नाही, ते आधी पाहा

महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत समाजशास्त्र, इतिहास, भाषा अशा विषयांत पीएचडी करणाऱ्या वाचकांची पत्रं या अंकासाठी निवडली आहेत. सिद्धांतावरचे प्रश्न बाजूला ठेवून प्रत्यक्ष कामात अडवणारे प्रश्न घेतले आहेत. पहिल्या प्रश्नाला जास्त जागा दिली आहे, कारण त्यातली अडचण जवळपास प्रत्येक सर्वेक्षणात येते.

प्रश्न : बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या आरोग्यावर मी समाजशास्त्रात पीएचडी करते आहे. मार्गदर्शकांनी ३८४ चा नमुना घ्यायला सांगितलं आहे. ओळखीचे दोन मुकादम (कामगारांच्या टोळ्या नेणारे ठेकेदार) आपापल्या टोळ्यांच्या याद्या द्यायला तयार आहेत. चार मोठी गावं घेऊन दिवाळीनंतर काम उरकावं असा विचार आहे. चालेल का?
— एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : चालणार नाही. आकडा, यादी आणि महिना, तिन्ही बदलावे लागतील.

आधी महिना. गळीत हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. दिवाळीनंतर गावात गेलात तर म्हातारी माणसं आणि शाळेसाठी मागे राहिलेली मुलं भेटतील. ज्यांच्यावर तुमचा प्रबंध आहे त्या बायका तेव्हा पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात कोप्यांवर, म्हणजे तळावरच्या झोपड्यांत असतात. गावातलं सर्वेक्षण मे ते सप्टेंबर या काळात बसवा. त्यातही पेरणी-खुरपणीच्या दिवसांत सकाळी लवकर किंवा दिवेलागणीनंतरच भेट होईल, हे धरूनच रोजचा आराखडा करा. हंगामात कारखान्याच्या तळावर जरूर जा, पण निरीक्षणासाठी. तिथे फडातून थकून आलेल्या बाईला तासाभराची प्रश्नावली विचारणं योग्य नाही.

आता यादी. मुकादमाच्या वहीत उचल, म्हणजे हंगामाआधी आगाऊ रक्कम घेतलेल्यांची नोंद असते. तिथे मोजणी कोयत्यावर होते. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि उचल बहुधा पुरुषाच्या नावावर. म्हणजे तुम्हाला हवी असलेली बाई त्या वहीत नावानिशी नसतेच. भावासोबत किंवा दिरासोबत अर्ध्या कोयत्यावर जाणारी विधवा सुटते. उचल न फिटल्यानं मुकादमाशी बिनसलेलं कुटुंब सुटतं. सगळ्यांत मोठा घोळ पुढे आहे : आजारपणामुळे यंदा गेलीच नाही ती बाई या यादीत येणार नाही, आणि तुमचा विषय आरोग्य आहे. त्या यादीवरून काम केलंत तर ऊसतोड स्त्रियांचं आरोग्य आहे त्यापेक्षा चांगलं दिसेल आणि प्रबंध चुकीचा निष्कर्ष छापेल. म्हणून पात्रतेची व्याख्या 'यंदा तोडीला गेलेली' अशी ठेवू नका, 'गेल्या ५ हंगामांत एकदा तरी गेलेली' अशी ठेवा.

मतदारयादी कोणालाही मिळते आणि ती घरक्रमांकानुसार असते. पण नव्या सुनेचं नाव अनेकदा माहेरच्या यादीत राहतं, १८ च्या आतल्या लग्न झालेल्या मुली तिच्यात येत नाहीत, मयतांची नावं निघालेली नसतात. पडताळणीपुरती ती वापरा. खरी यादी स्वतःच करावी लागेल.

गावं निवडायला जिल्हा जनगणना पुस्तिका घ्या. हाताशी २०११ चीच आहे, कारण पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. एक गोष्ट ध्यानात ठेवा. २०११ ची लोकसंख्या गणना ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली, म्हणजे ऐन गळितात. त्या पूर्ण काळात जो घरी नव्हता त्याची नोंद तो जिथे होता तिथे करायची, असा नियम आहे. त्यामुळे ज्या गावातून जास्त लोक तोडीला जातात त्याच गावाची लोकसंख्या पुस्तिकेत कमी दिसण्याची शक्यता आहे. लोकसंख्येच्या प्रमाणात गावं निवडलीत तर नेमकी हीच गावं मागे पडतील. त्यापेक्षा तांडे असलेली आणि नसलेली असे गावांचे दोन गट करा आणि प्रत्येक गटातून चिठ्ठीनं गावं काढा. बरेचसे तांडे महसुली गावातच मोजलेले असतात, पुस्तिकेत त्यांची वेगळी ओळ नसते. ते ग्रामपंचायतीत विचारूनच कळतील.

गाव ठरलं की ग्रामपंचायतीचा शिपाई आणि आशाताई यांना घेऊन वस्त्यांचा हाती नकाशा काढा. मग प्रत्येक घरी स्वतः जा. मधली वस्ती संपली की याद्या तिथेच थांबतात आणि दोन-तीन किलोमीटरवरचा तांडा, शेतातली घरं राहून जातात. हे सर्रास होतं, म्हणून लांबच्या वस्तीपासून सुरुवात करा. दारावर खडूनं क्रमांक घाला आणि चारच गोष्टी विचारा : घरात किती माणसं, गेल्या ५ हंगामांत तोडीला कोण गेलं, त्यांतल्या स्त्रियांची नावं, वयं. समजा पात्र स्त्रिया ८४ निघाल्या आणि तुम्हाला १० हव्यात, तर अंतर ८. १ ते ८ मधली एक चिठ्ठी काढा आणि तिथून दर आठवी घेत १० पूर्ण करा. घराला कुलूप असेल तर वेगवेगळ्या वेळी तीनदा जा. शेजारच्या घरातली बाई बदली घेऊ नका, कारण जी सहज भेटते ती बहुधा कामावर न जाणारी असते.

आता तो ३८४. १.९६ चा वर्ग गुणिले ०.५ गुणिले ०.५, भागिले ०.०५ चा वर्ग, असं करून तो येतो. ९५ टक्के विश्वासपातळी आणि ५ टक्के चूक धरून साध्या यादृच्छिक नमुन्यासाठी तो बरोबर आहे. पण तुम्ही गावांचे पुंजके घेणार, आणि एका गावातल्या बायकांचं पाणी, दवाखाना, मुकादम बरंचसं सारखं असतं. तेव्हा नमुना १ + (गावामागे स्त्रिया − १) × पुंजक्यातलं साम्य (एकाच गावातल्या बायकांची उत्तरं किती सारखी येतात याचं ० ते १ मधलं माप), इतक्या पटीनं वाढवावा लागतो. साम्य ०.०५ धरलं आणि गावामागे १० स्त्रिया घेतल्या तर पट १.४५, म्हणजे ५५७ स्त्रिया. गावामागे २० घेतल्या तर पट १.९५, म्हणजे ७४९. चार गावांत ९६-९६ घेतल्या तर पट ५.७५ होते आणि तुमचे ३८४ जेमतेम ६७ च्या तोलाचे उरतात.

एकट्या विद्यार्थिनीला ५६ गावं झेपणार नाहीत, हे उघड आहे. मग चूक ७ टक्के धरा : मूळ आकडा १९६, १.४५ पटीनं २८४, म्हणजे २८-२९ गावं आणि गावामागे १०. १० टक्के जणींकडून प्रतिसाद मिळणार नाही असं धरलं तर २८४ भागिले ०.९, म्हणजे ३१६ जणी निवडाव्या लागतील. आराखड्यात हा हिशेब मोकळेपणानं मांडा. चार गावांतल्या ३८४ पेक्षा २९ गावांतल्या २८४ ला कोणताही जाणकार परीक्षक जास्त मान देईल.

शेवटी प्रश्नावली. 'गर्भाशय निर्मूलन शस्त्रक्रिया' असं वाचून दाखवू नका, 'पिशवी काढली का' असं विचारा. साल विचारलंत तर अंदाजे उत्तर येईल. 'त्या हंगामात कोणत्या कारखान्याला होता' असं विचारलंत तर साल बरोबर सापडतं. २०१९ मध्ये बीडमधल्या या शस्त्रक्रियांच्या चौकशीसाठी राज्य सरकारनं समिती नेमली होती. तेव्हापासून पत्रकार, संस्था, संशोधक सगळे हाच प्रश्न घेऊन येतात आणि बायकांची उत्तरं ठरून गेली आहेत. तुम्ही कामाच्या दिवसापासून सुरू करा : किती वाजता उठलात, पाणी कुठून आणलं, मोळी कोणी वाहिली. पिशवीचा विषय त्यातून येऊ द्या. सासू किंवा मुकादम शेजारी बसला असेल तर हा भाग त्या दिवशी सोडून द्या.

प्रश्न : नीतिमत्ता समितीनं लेखी संमतीपत्राचा आग्रह धरला आहे. लोक बोलायला तयार असतात, पण सहीचा कागद काढला की मागे सरतात. काय करावं?
— एक वाचक, नंदुरबार

उत्तर : त्यांचं मागे सरणं समजून घ्या. कर्जाचा, जमिनीचा, वनहक्काचा कागद असो, अंगठा दिल्यानंतर काय झालं हे त्यांनी पाहिलेलं असतं. तोंडी संमती हा पद्धतशीर पर्याय आहे, फक्त तो समितीकडून आधी लेखी मंजूर करून घ्या. अर्जात ती कशी घेणार ते लिहा : माहितीपत्रक स्थानिक बोलीत वाचून दाखवलं जाईल, संमती ध्वनिमुद्रित होईल, साक्षीदार हवा असेल तर तो कोण असेल. माहितीपत्रक एका पानाचं असावं आणि त्यात पाच गोष्टी असाव्यात : तुम्ही कोण, काय विचारणार, किती वेळ लागेल, मधेच थांबता येईल, आणि यातून कोणतीही योजना किंवा पैसे मिळणार नाहीत. पाचवी गोष्ट सगळ्यांत जास्त वेळा गाळली जाते. मग सर्वेक्षण म्हणजे लाभार्थ्यांची यादी असा समज पसरतो आणि उत्पन्नाची उत्तरं बिघडतात.

सरपंचानं किंवा पोलीस पाटलानं परवानगी दिली म्हणजे घरातल्या माणसाची संमती मिळाली असं नाही. ती प्रत्येकाकडून स्वतंत्र घ्या. नावांची यादी आणि मुलाखतींचे संकेतांक वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. प्रबंधात गावाचं नाव बदललं, पण 'तालुक्यातली एकमेव आश्रमशाळा असलेलं गाव' असं लिहिलं, तर नाव बदलण्याचा काहीच उपयोग नाही.

प्रश्न : माझ्याकडे मराठी आणि अहिराणीतल्या २५ मुलाखती आहेत, प्रबंध इंग्रजीत आहे. थेट इंग्रजीत उतरवल्या तर वेळ वाचेल का? सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : वेळ वाचेल, पण सामग्री जाईल. थेट इंग्रजीत उतरवताना भाषांतराचे निर्णय तुम्ही घाईत आणि नोंद न ठेवता घेता. सहा महिन्यांनी 'बाईंनी नेमकं काय म्हटलं' हे तपासायला पुन्हा ध्वनिमुद्रणच ऐकावं लागतं. जशी बोलली तशी, बोलीसकट, देवनागरीत उतरवा. अहिराणीचं प्रमाण मराठी करू नका. तासाभराच्या मुलाखतीला सहा ते आठ तास धरा. २५ तासांच्या ध्वनिमुद्रणाला दीडशे ते दोनशे तास, म्हणजे रोज चार तास बसलात तरी दीड-दोन महिने. हा वेळ वेळापत्रकात नसल्यामुळे अनेकांचं विश्लेषण शेवटच्या महिन्यात कोंबलं जातं. आपोआप मजकूर करून देणारी साधनं प्रमाण मराठीचा कच्चा खर्डा देतात. बोली मात्र ती गुपचूप प्रमाण भाषेत बदलतात, आणि खर्डा वाचायला इतका गुळगुळीत असतो की चूक डोळ्यांत भरत नाही. ऐकत ऐकत ओळ न ओळ तपासल्याशिवाय तो वापरू नका.

टंकलेखन सुरुवातीपासून युनिकोडमध्ये करा. जुन्या श्रीलिपी किंवा कृतिदेव प्रकारच्या फाँटमध्ये संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरंच असतात. शोध घेता येत नाही, विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये गिचमिड दिसते. आधीच तशी फाईल असेल तर रूपांतर करा आणि मग रफार, जोडाक्षरं आणि 'ऱ्य', 'ऱ्ह' मुद्दाम तपासा. बिघाड बहुतेक तिथेच होतो.

सॉफ्टवेअरवर पैसे घालवायची गरज नाही. २५ मुलाखतींच्या संकेतनाला, म्हणजे मजकुराच्या तुकड्यांना विषयवार खुणा द्यायला, टॅगेट हे मोफत साधन पुरतं. आकडेवारी असेल तर एसपीएसएसच्या चोरीच्या प्रतीऐवजी पीएसपीपी, जामोवी किंवा आर वापरा. प्रश्नावली मोबाइलवर भरायची असेल तर कोबोटूलबॉक्समध्ये देवनागरी प्रश्न घालता येतात आणि रेंज नसतानाही ते चालतं. पहिल्या पाच मुलाखतींचं संकेतन करून झाल्यावर बाकीच्या घ्यायला हव्या होत्या. ती वेळ निघून गेली असली तरी आता पाच मुलाखतींवर संकेतांची यादी तयार करा, प्रत्येक संकेताची व्याख्या एका वाक्यात लिहा आणि मगच पुढे जा.

प्रश्न : अठराव्या शतकातल्या गावगाड्यातल्या तंट्यांवर इतिहासात संशोधन करायचं आहे. मोडी येत नाही. छापील साधनांवर काम भागेल का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : या विषयावर भागणार नाही. पेशवे दफ्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड रियासतकार गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० च्या दशकात निघाले. ते अमूल्य आहेत, पण निवड मुख्यतः राजकारण आणि मोहिमांच्या बाजूनं झाली. पाटीलकीचा वाद, बलुत्याचं भांडण, बाईची फिर्याद यांचे कागद मोठ्या प्रमाणात पुणे पुराभिलेखागारातल्या रुमालांमध्येच (कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यांत) आहेत. छापील खंडांवरून गावगाडा लिहिला, तर संपादकांनी जे बाजूला ठेवलं ते तुमच्याही प्रबंधातून बाजूला राहील.

मोडी शिकण्याजोगी आहे. राज्याचं पुराभिलेख संचालनालय आणि पुण्यातलं, १९१० मध्ये स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ यांच्या प्रशिक्षणवर्गांची चौकशी करा. अक्षरओळख काही आठवड्यांत होते, पण कामाच्या वेगानं वाचायला काही महिने रोज सराव लागतो. अडचण अक्षरांपेक्षा पुढची आहे. ओळीची शिरोरेघ आधी ओढलेली असते, शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भरवसा नसतो, आणि नेहमीचे शब्द आद्याक्षरावर उरकलेले असतात. म्हणून आधी लिप्यंतर सोबत असलेले छापील नमुने घ्या आणि एकाच कारकुनाच्या हाताचे दहा-वीस कागद सलग वाचा. हात ओळखीचा झाला की वेग येतो.

तारखांकडे नीट बघा. शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो, वर्षाच्या अखेरच्या महिन्यांत ७९. सुहूर सन ही मराठेशाहीच्या कागदांतली कालगणना मृगाला, म्हणजे जूनच्या सुरुवातीच्या सुमारास बदलतो. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९, त्यानंतर पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवा. आकडे अरबी शब्दांत, एककापासून उलटे येतात : 'इहिदे सबैन मया व अलफ' म्हणजे १ + ७० + १०० + १०००, अर्थात ११७१, म्हणून इसवी सन १७७०-७१. फसली, म्हणजे महसुली सन असेल तर दख्खनमध्ये ५९०. कागदावर कोणता सन आहे हे न पाहता बेरीज केली तर नऊ वर्षांचा फरक पडतो आणि तंटा भलत्याच पेशव्याच्या कारकिर्दीत जाऊन बसतो.

दफ्तरात जाताना विभागप्रमुखांचं पत्र आणि ओळखपत्र घ्या, विषय नेमका लिहा. रोजकीर्द, घडणी, प्रांत अजमास, शाहू दफ्तर या दफ्तराच्या विभागांपैकी कुठे शोधायचं ते याद्यांवरून आधी ठरवा. प्रत्येक नोंदीबरोबर रुमालाचा क्रमांक आणि कागदाची ओळख लिहून ठेवा, नाहीतर तळटीप लिहिताना तोच कागद पुन्हा सापडत नाही.

प्रश्न : एका नियतकालिकानं तीन हजार रुपयांत आठवडाभरात शोधनिबंध छापायची तयारी दाखवली आहे. 'यूजीसी केअर' असं मुखपृष्ठावर आहे. पीएचडीला निबंध लागतोच ना? आणि मराठी प्रबंधाची वाङ्मयचौर्य तपासणी कशी होते?
— एक वाचक, परभणी

उत्तर : पैसे देऊ नका. केअर ही मान्य नियतकालिकांची यादी यूजीसीनं (विद्यापीठ अनुदान आयोगानं) बंद केल्याचं फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर झालं, तेव्हा मुखपृष्ठावरच्या त्या शिक्क्याला आता अर्थ नाही. आठवड्यात छापून देणारा निबंध वाचत नाही, एवढं त्या मुदतीवरून कळतं. २०२२ च्या यूजीसी नियमावलीनं प्रबंधाआधी निबंध छापण्याची सक्ती काढली. काही विद्यापीठांनी मात्र स्वतःच्या नियमांत ती ठेवली आहे, म्हणून आपल्या विद्यापीठाचं परिपत्रक लेखी मागा. नियतकालिक पारखताना आयएसएसएन क्रमांक (नियतकालिकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) आयएसएसएनच्या अधिकृत संकेतस्थळावर टाका आणि नाव, प्रकाशक, पत्ता जुळतो का पाहा. नावाजलेल्या नियतकालिकाची हुबेहूब नक्कल करणारी संकेतस्थळंही असतात. संपादक मंडळातल्या एखाद्या प्राध्यापकांना पत्र लिहून विचारा. अनेकांना आपलं नाव तिथे आहे याचाच पत्ता नसतो.

वाङ्मयचौर्याबद्दल २०१८ चे नियम लागू आहेत : १० टक्क्यांपर्यंत साम्याला शिक्षा नाही, १० ते ४० असेल तर ६ महिन्यांच्या आत सुधारून द्यायचा, ४० ते ६० असेल तर वर्षभर सादर करता येत नाही, ६० च्या वर नोंदणी रद्द. अवतरणचिन्हांतला आणि संदर्भ दिलेला मजकूर, संदर्भसूची वगळली जाते. जुन्या फाँटमधल्या फाईलचा अहवाल शून्याजवळ येतो, कारण तपासणीला मराठी मजकूर दिसतच नाही. तो अहवाल ग्राह्य धरू नका, युनिकोड फाईलच द्या. आणि मराठीत जे बहुतेक चौर्य होतं ते इंग्रजी पुस्तकाचं भाषांतर संदर्भाशिवाय घालणं. ते कोणतंही यंत्र सहज पकडत नाही. ते पकडायचं काम मार्गदर्शकांचं आहे आणि टाळायचं तुमचं.

प्रश्न : नोकरी आणि लहान मूल सांभाळून पीएचडी करते आहे. पाच वर्षं होत आली. मुदत किती मिळते?
— एक वाचक, चंद्रपूर

उत्तर : २०२२ च्या नियमावलीप्रमाणे प्रवेशाच्या तारखेपासून कमाल ६ वर्षं. पुनर्नोंदणीनं आणखी २. स्त्रियांना आणि ४० टक्क्यांहून जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना त्यावर आणखी २, म्हणजे एकूण १० पर्यंत. शिवाय पूर्ण काळात एकदा २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा घेता येते. तुमचा प्रवेश या नियमावलीच्या आधीचा असेल तर कोणती नियमावली लागू होते हे पीएचडी विभागाकडून लेखी घ्या. पुनर्नोंदणीचा अर्ज सहावं वर्ष संपण्याआधी किमान तीन महिने द्या आणि सोबत संशोधन सल्लागार समितीच्या सहामाही बैठकांचे अहवाल जोडा. अर्ज अडतो तो बहुधा याच अहवालांपैकी एखादा राहून गेल्यामुळे. राहिला असेल तर पुढच्या बैठकीतच तो विषय मांडून इतिवृत्तात नोंदवून घ्या.